राखाडी डब्याची वकीलबाई

दाणा दाणा निवडीते, खडा टाकीते दूर गं,
खड्याचाही होता कुठं त्याचा त्याचा डोंगर गं.

आत्या ताटात धान्य निवडताना हे म्हणायची. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्याविषयी माया दाटून यावी. चिमी तिच्या गुडघ्याला टेकून बसलेली असायची आणि तिचे डोळे भरून यायचे. आत्या मात्र ओळ संपता संपता खडा उचलायची आणि खिडकीतून बाहेर भिरकावायची. तो कुठं पडला हे वळून बघायचीसुद्धा नाही.

"आत्या, त्याचा डोंगर गं?"

"गाणं गाण्याच्या जागी, दात दाताच्या जागी," आत्या म्हणायची आणि पुढचा खडा शोधायला लागायची.

चिमीच्या वाट्याला त्यातलं गाणं तेवढं आलं. भिरकावणं आत्याबरोबरच गेलं. आणि नशिबाची गंमत बघा, मोठेपणी तिला नोकरी मिळाली ती नेमकी भिरकावण्याची.

किल्ल्या घासून देणाऱ्याच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. खालून दिवसभर कर्रर्र आवाज यायचा आणि वर चार माणसं एक सॉफ्टवेअर बनवायची. टीव्हीची वायर घरातल्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायची, वेळ लावून ठेवायची आणि आपण खुशाल झोपायचं. कार्यक्रम आपोआप उतरून डिस्कवर जाऊन बसायचा. एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. पण लोकांच्या घरी कॉम्प्युटर म्हणजे काय काय असतं, हे देवालाच ठाऊक. कुणाकडे लॅपटॉप, कुणाकडे साबणाच्या वडीएवढं यंत्र. कुणी हार्ड डिस्क लावणार, कुणी पेन ड्राइव्ह, कुणी भिंतीतल्या वायरीवर लटकणारा डिस्कचा डबा. ह्यातलं कशाकशावर आपलं सॉफ्टवेअर चालेल असं छातीठोक सांगायचं, आणि कशाला हात जोडायचे, हे प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ठरवावं लागे.

त्यासाठी एक लोखंडी मांडणी होती. मांडणीवर जे यंत्र असेल त्याला सपोर्ट. नसेल त्याला नाही. सगळी यंत्रं चोवीस तास चालू, आणि सगळी एकच चॅनेल उतरवून घेत: ज्यावर एक हसरी बाई दिवसभर भाजी कापायचं यंत्र विकायची. ते चॅनेल मालकांनी निवडलं होतं, कारण त्यात कुणाचं लक्ष गुंतण्याची भीती नव्हती. कुठल्या डिस्कवर ती बाई अडखळते, कुठल्यावर तिचा हात गाजरावरच गोठतो, हे बघणं चिमीचं काम. त्या बाईचं हसू चिमीला सख्ख्या बहिणीच्या हसण्यासारखं पाठ झालं होतं. भाजी कापायचं ते यंत्र मात्र तिने कधी घेतलं नाही.

मांडणी भरलेली असे. नवं यंत्र आलं की जुनं एखादं खाली उतरवावं लागे. एकदा कुणाला न विचारता त्यांनी एक जुना लॅपटॉप उतरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या फोनकाकूंना जे फोन आले, त्यानंतर काकूंनी बजावलं, "ह्यापुढे खटला चालवल्याशिवाय कुणाला काढायचं नाही. शिव्या मी खाते."

म्हणून खटला. मालक न्यायाधीश. सरकारी वकील म्हणजे प्रोग्रॅमर, त्याला सगळे उडव्या म्हणत, कारण कुठल्याही यंत्राविषयी विचारलं की त्याचं उत्तर एकच: "उडवा." काकू साक्षीदार. आणि आरोपीची वकील चिमी. आरोपीला टेबलाच्या मधोमध ठेवत आणि खटला चालू असेपर्यंत त्याच्यावर चहाचा कप ठेवायला बंदी असे.

घरी चिमीचे वडील एकटे होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या. भिंतीशी बोलावं लागत नाही, हा त्या धंद्याचा मोठाच फायदा त्यांनी पुरेपूर घेतला होता. आई होती तोवर ती बापलेकींची दुभाषी होती. ती इकडे म्हणायची, "बाबा म्हणतायत तू वाळलीस," आणि तिकडे म्हणायची, "ती म्हणतेय तुम्ही औषध घेत नाही," आणि दोघांना वाटायचं, आपण किती बोलतो. आई गेली, आणि रविवारी चिमी घरी गेली की दोघं समोरासमोर बसायची, आणि घड्याळ तेवढं बोलायचं.

मग चिमीने ऑफिसच्या मांडणीवर असतो तसला एक राखाडी डबा, कॉम्प्युटर आणि डिस्क एकातच असलेला, घरी नेऊन बसवला. कागदोपत्री आईचंच नाव टाकलं, कारण टीव्ही आईचा होता. वडिलांना लाल बटण दाखवलं. आणि त्या रविवारपासून दोघांना विषय मिळाला.

"काय काय उतरलं, बाबा?" चिमी दारातच विचारायची.

"मॅच उतरली. एक पिक्चर उतरला, जुना. आणि ते आपलं, कोर्टकचेरीचं. तीन भाग."

"तुकडे नीट जोडले गेले?"

"गेले."

मग ती डब्याची तार काढून पुन्हा खोचायची, पंख्यावरची धूळ पुसायची, ते शेजारी उभं राहून फडकं धरायचे, आणि असं करता करता कधी ते तिच्या हाताकडे बघून म्हणायचे, "भाजलं का?" आणि ती म्हणायची, "इस्त्री." बस्स. पण ते 'भाजलं का' त्या डब्याच्या वाटेने आलेलं असे. डबा गेला की ही वाटही गेली, आणि पुन्हा घड्याळ. चिमीला भीती होती ती एवढीच, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

म्हणून दर खटल्यात ती राखाडी डब्याची बाजू अशी लढायची, की जणू तो फासावर जाणार आहे.

"हा तापत नाही," ती म्हणायची. "ओरडत नाही. तो पांढरा लॅपटॉप बघा, पंखा लागला की वाटतं विमान उडालं. आणि जुन्यांना असं काढत गेलो ना, तर नव्यांचाही विश्वास उडेल. आज त्याला काढलं, उद्या आपल्याला."

हे शेवटचं मालकांना पटायचं. त्यांना स्वतःच्या वयाची जाणीव होती. डबा मांडणीवर परत जायचा, आणि उडव्या तिला जाता जाता म्हणायचा, "वकीलबाई, ह्या डब्याने तुझं काय सोनं केलंय गं?"

ह्या वेळी पहिला आरोपी पेन ड्राइव्ह होता.

"लोक त्याच्यावर पिक्चर उतरवतात," काकूंनी साक्ष दिली, "पँटच्या खिशात ठेवतात, आणि पँट धुवायला टाकतात. मग मला फोन करून विचारतात, तुमच्या सॉफ्टवेअरमुळे ओला झाला का."

"उडवा," उडव्या म्हणाला.

"बचाव?" मालकांनी विचारलं.

"बचाव नाही," चिमी म्हणाली. तिला आपली ताकद राखून ठेवायची होती.

पांढरा लॅपटॉप राहिला, कारण तो निम्म्या गिऱ्हाइकांकडे होता. बहुमतापुढे आवाजाचं काय. मग राखाडी डबा टेबलावर आला. वर्षानुवर्षं पुसून पुसून त्याचा राखाडी रंग कोपऱ्यांवर पांढरा पडला होता, म्हाताऱ्याच्या भुवयांसारखा.

उडव्या ह्या वेळी उभा राहिला. एरवी तो बसूनच उडवायचा.

"ह्याला मोठी फाईल गिळता येत नाही. घशात अडकते. म्हणून आपण रेकॉर्डिंगचे तुकडे करतो. ह्याच्या एकट्याचे नाही हं, सगळ्यांचे. एकाच्या घशाला त्रास, म्हणून अख्ख्या पंगतीला पेज! आणि जिथं तुकड्याला तुकडा लागतो, तिथं पडदा पळभर काळा होतो. परवा एका माणसाचा गोल गेला त्यात."

"तो माझ्याशीच बोलला," काकू म्हणाल्या. "पोटचं पोर हरवल्यासारखा बोलत होता."

"मग तुकडे ह्याच्यापुरते कर," चिमी म्हणाली. "बाकीच्यांना अख्खं दे."

"म्हणजे दोन वाटा. दोन वाटा ठेवल्या की दोन्ही झाडाव्या लागतात, बाई. जन्मभर. कोण झाडणार?"

"मी झाडीन."

"थांब, मला संपवू दे. मागच्या आवृत्तीपासून आपण मोजतोय ना, कुणाकडे कुठला डबा आहे? परवानगी दिलेल्या घरांतून आकडा येतो. राखाडी डबा वापरणारी घरं," उडव्याने नाट्य म्हणून थोडा वेळ घेतला, "एक."

"एक हजार?" मालक म्हणाले.

"एक. पुढे काही नाही."

खाली किल्लीवाल्याने कर्रर्र केलं. चिमी म्हणाली, "एक म्हणजे शून्य नाही."

"नाही," उडव्याने कबूल केलं. "एक म्हणजे एक."

"मग भांडता कशाला?" काकू म्हणाल्या. "हजार असते तर गोष्ट वेगळी. एकच आहे, त्यालाच विचारू. नंबर आहे माझ्याकडे. बाईचं नाव आहे."

"आत्ता नको," चिमी म्हणाली. "दुपारची वेळ आहे, झोपले असतील."

"कोण?"

"जे कोण असतील ते."

काकूंनी नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकून डब्याच्या शेजारी ठेवला. चिमी मांडणीच्या एका स्क्रूकडे बघत राहिली. तो थोडा ढिला होता.

"हॅलो," फोनमधून वडील म्हणाले.

"नमस्कार. बाई आहेत का घरात?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"येणार नाहीत. मी त्यांचा नवरा. बोला."

काकूंनी एकदा डोळे मिटून उघडले आणि कुठून बोलतोय ते सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस उभा राहिला होता. आणि मग चिमीने आपल्या वडिलांचा एक आवाज ऐकला, जो ती लहानपणी शिडीखाली उभी असताना ऐकायची. रंगाचा दुसरा हात द्यायचा बाकी असताना घरमालक आला की वडील ह्या आवाजात बोलायचे.

"अतिशय उत्तम आहे," ते म्हणाले.

"काय?"

"डबा. तुम्ही विचारणार होता ना? उत्तम आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. "रोज वापरता?"

"सकाळी लावतो, रात्री काढतो. एक दिवस चुकवलेला नाही."

"काय काय बघता?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"जे लागेल ते."

"त्यातल्या त्यात आवडीचं?"

ह्याला बराच वेळ लागला. "हवामान," वडील म्हणाले.

"हवामान रेकॉर्ड करून बघता? म्हणजे कालचं हवामान आज?"

"हो. खात्रीचं असतं."

मालकांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं असावं.

"तक्रार काही? मध्येच पडदा काळा होतो का?"

"होतो. डोळ्यांना विश्रांती मिळते."

उडव्याने कपाळ टेबलावर टेकवलं.

"बरं, झालं आमचं काम," काकू म्हणाल्या, पण वडील थांबले नाहीत. एरवी दोन शब्दांत संपणारा माणूस. आज त्याला कुणी तिसरा हात द्यायला लावलं होतं कोण जाणे.

"एक सांगतो, वरच्यांच्या कानावर घाला. तुमच्याकडे एक मुलगी आहे. डबे तपासते. तिच्या कामात खोट नाही. हा डबा चालतोय तो तिच्यामुळे. तिला कुणी काही बोलू नका."

काकूंनी वर बघितलं. मालकांनी वर बघितलं. उडव्याने टेबलावरून कपाळ उचललं.

"तुम्ही ओळखता तिला?" काकूंनी हळूच विचारलं.

"थोडंफार," वडील म्हणाले, आणि फोन बंद झाला.

पडद्यापडद्यावर ती बाई गाजर कापत होती.

"थोडंफार?" मालक म्हणाले.

"वडील आहेत," चिमी म्हणाली.

कुणी हसलं नाही. उडव्याने टेबलावरचे आपले कागद सारखे केले, जे आधीच सारखे होते. काकूंनी पाण्याचा ग्लास चिमीपुढे सरकवला.

"आधी सांगायचं नाही का गं?" काकू म्हणाल्या. "आम्ही काय परके आहोत?"

"काय सांगणार? माझ्या घरापायी सगळ्यांचे पिक्चर तुटतायत म्हणून?"

मालक खुर्चीत मागे रेलले. "वकील तू. साक्षीदाराची मुलगी तू. आता निकालही तूच दे. मी आज रजेवर आहे असं समज."

चिमी पाणी प्यायली नाही. ती डब्याच्या पांढऱ्या कोपऱ्यांकडे बघत होती, पण कानात वडील होते. पडदा काळा झाला की डोळ्यांना विश्रांती मिळते म्हणे! जन्मभर रंगाचा एक थेंब जमिनीवर सांडलेला ज्या माणसाला खपला नाही, त्याला अख्ख्या पिक्चरला पडलेलं भोक खपतं? जो साक्षीदार एकही तक्रार करत नाही तो साक्षीदार नसतो, तो वकील असतो. पण तो डब्याची बाजू कुठे मांडत होता? डब्याविषयी ते एक शब्द खरा बोलले नव्हते. खरा बोलले होते तो फक्त तिच्याविषयी.

आणि तो गोल गेलेला माणूस. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. त्याच्याही घरी कुणीतरी रविवारी येत असेल.

"उडवा," चिमी म्हणाली.

उडव्या गोंधळला. इतक्या वर्षांत त्याचा शब्द त्याच्या आधी कुणी उच्चारला नव्हता. पुढचं वाक्य त्याला सापडेना. "म्हणजे, अगदीच घाई नाही," तो म्हणाला. "एक आवृत्ती राहू दे हवं तर. दोन वाटा, मी झाडतो."

"नको. उडवा."

तिने स्वतः तार काढली. डब्याचा हिरवा दिवा विझायला नेहमी थोडा वेळ घेतो, तसा त्याने ह्याही वेळी घेतला.

रविवारी ती पिशवीत नवं काळं यंत्र घेऊन गेली. वडिलांनी दार उघडलं. आतल्या खोलीतली भिंत त्यांनी पुन्हा रंगवायला घेतली होती. अर्धी जुनी, अर्धी नवी, आणि मधल्या रेषेवर ओला वास. चिमीच्या जिभेवर नेहमीचा प्रश्न आला आणि तिने तो गिळला. त्याच्या जागी दुसरं काही येईना. वडील दारातच उभे होते. उत्तर तयार, प्रश्न नाही, अशी त्यांची पंचाईत झालेली.

"मॅच उतरली," शेवटी ते न विचारताच म्हणाले.

"बाबा, हा डबा आता बंद होणार."

"कुणाची चूक?"

"कुणाची नाही. जुना झाला."

"मी त्या बाईंना सांगितलं होतं, उत्तम आहे म्हणून."

"ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं."

"मग?"

"मग मीच म्हटलं, काढून टाका."

वडिलांनी हातातला ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला, रंगाच्या. मग खुर्चीवर बसले. "तुला काही बोलले?"

"नाही."

"नोकरी?"

"आहे की."

"नक्की?"

"बाबा, माझी नोकरी ह्या डब्यावर कुठे आहे?"

"तसं मला कुणी सांगितलं नाही," वडील म्हणाले. "तूच म्हणाली होतीस, कोण कोण वापरतं त्याचा आकडा जातो म्हणून. म्हटलं, आपण बंद केला तर पोरीचा एक कमी व्हायचा. आणि तुमच्याकडे आकडे किती असतात, मला काय माहीत."

"एकच होता," चिमी म्हणाली.

"बघ!" वडील म्हणाले.

ती खाली वाकून तारा सोडवायला लागली. हात थांबले की बोलावं लागेल, म्हणून ती भराभर सोडवत होती. पिशवीतून नवं यंत्र काढून तिने जुन्याच्या जागी ठेवलं. "हा नवा. ह्याला अख्खा पिक्चर गिळता येतो, पडदा काळा व्हायचा नाही. बटण तेच, लाल. बसवू?"

वडील उठून जवळ आले. ओल आलेली भिंत वाजवून बघावी तसं त्यांनी बोटाच्या पेराने ते काळं यंत्र वाजवून बघितलं. मग दुसऱ्या बाजूने वाजवलं. खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली, उलगडली.

"चिमे, नको बसवू."

"का? सोपा आहे हा."

"तसं नाही. मला टीव्ही आवडत नाही."

चिमीच्या हातात तार तशीच राहिली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुझी आई बघायची, मी पेपर धरून बसायचो."

"मग हे सगळं? मॅच, पिक्चर, कोर्टकचेरी?"

"नावं वाचून ठेवायचो. बघत नव्हतो. हवामान तेवढं बघायचो. ते लवकर संपतं."

"मग रोज लावायचं कशाला, बाबा?"

वडिलांनी ओल्या भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. मध्ये आता कुणी दुभाषी नव्हतं.

"तू येतेस, दारातच विचारतेस, काय काय उतरलं," ते म्हणाले. "मला आपणहून बोलता येत नाही गं. तू विचारशील तेव्हा सांगायला माझ्याजवळ काहीतरी असावं, म्हणून."